गाळणीतली साय

"आई, गॅस बारीक कर ना, खाली चिपकतंय," आभा म्हणाली.

शारदाबाईंनी उलथणं पातेल्याच्या तळाशी फिरवलं. दूध अजून लागलं नव्हतं. पण लागलं असतं तरी त्यांना वास आला असता की नाही, देव जाणे. थोरला नचिकेत गेल्यापासून वास, चव, राग, रडू, काहीच त्यांच्यापर्यंत धड पोचत नव्हतं.

एरवी कोजागिरीच्या दुधाचा मान त्यांचाच. जन्मभर शाळेच्या कचेरीत टायपिंग केलेली बाई, मापाबाहेर काही जायचं नाही. त्यांचं दूध ना पातळ व्हायचं, ना त्याची बासुंदी व्हायची. मागच्या कोजागिरीला मात्र चूल नुसती चहापुरती पेटली होती. त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी नचिकेत मोटारसायकलवरून गरौठ्याहून परत येत होता, तो घरी पोचलाच नाही. आता वर्ष सरलं म्हणून नातेवाईक जमले होते आणि गच्चीवर सतरंजी पडली होती.

गावातल्याच दतिया गेट भागातून आलेल्या धाकट्या जाऊबाई, इंदिरा, वेलची सोलता सोलता म्हणाल्या, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण आता आभाच मोठी ना? पाटावर तिलाच बसवा."

इंदिराकाकूंच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात काळंबेरंही नव्हतं.

"काकू, छोड़ो ना," आभा म्हणाली. "इस साल रहने दो."

कोजागिरीला घरातल्या थोरल्या मुलाला ओवाळायचं आणि दुधाचा पहिला पेला त्याला द्यायचा, ही रीत. लहानपणी त्यावरून आभा दरवर्षी भोकाड पसरायची. मग नचिकेत सरकून तिला पाटाच्या कडेवर जागा द्यायचा. त्याला सायीची शिसारी. आई त्याचा पेला गाळून द्यायची आणि गाळणीतली साय आभाच्या पेल्यात जायची. तेवढ्यावर भांडण मिटायचं.

आभाचे बाबा, यज्ञेश्वर, केव्हाचे सोललेलेच बदाम चिवडत बसले होते. "शारदा, तू म्हणशील तसं," ते म्हणाले.

ओवाळलं, तर नचिकेत नाही हे आपल्याच हाताने मान्य करायचं. न ओवाळलं, तर ही पोर जन्मभर धाकटीच राहायची, नसलेल्या भावाची. शारदाबाईंना दोन्ही कळत होतं. दुखत काहीच नव्हतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटत होती.

"पाट आण," त्या म्हणाल्या. मीठ मागावं तशा आवाजात.

चंद्र शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर आला. आभा पाटाच्या अगदी कडेला टेकली.

"अगं, मध्ये बस की," काकू म्हणाल्या. ती हलली नाही.

शारदाबाईंनी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी-अंगठीने ओवाळलं, मग निरांजनाने. त्यांना भरून येईल असं सगळ्यांना वाटत होतं. आलं नाही. त्यांनी पेला घेतला, सवयीने गाळणी धरली आणि दूध ओतलं.

सगळ्यांनी पाहिलं.

साय जीव की प्राण असलेल्या आभाने ते गाळलेलं दूध निमूट तोंडाला लावलं. "मस्त झालंय, आई."

शारदाबाईंच्या हातात गाळणी तशीच होती, चारोळी, बदाम आणि साय धरून. त्यांची नजर सतरंजीवर दुसरा पेला शोधत फिरली. मग त्या वाकल्या आणि त्यांनी गाळणी आभाच्याच पेल्यात उपडी केली.

"तुला लागते ना साय."

"हो," आभा म्हणाली, आणि पाटावर मधोमध सरकली.