यादीत नसलेला

“आबा, पायाच्या ठशाला आपल्यात काय म्हंत्यात?”

“माग. कशापायी इचारतीस एवढं?”

दुभाषीला हवं होतं म्हणून. मी लवळ्याच्या कॉलेजात कारकून. लिथुआनियाहून एक म्हातारे प्राध्यापक येणार होते. उभा जन्म लांडग्यांच्या मागं घालवलेला माणूस, पण इंग्रजी येत नव्हतं. “नंदाताई, लिथुआनियनचं इंग्रजी करणारं कुणीतरी शोधा, विज्ञान कळणारं,” अमोघ सरांनी कॅन्टीनचा चहा सांगावा तसं सांगितलं. तीन आठवडे मी फोनला चिकटून होते. एकाला फक्त कविता जमायच्या, एकीला लग्नाचे दाखले. शेवटी रासा मिळाली. ती तिकडूनच, पडद्यावरून बोलणार होती. म्हणाली, शास्त्राचे शब्द आधी पाठवा, ऐनवेळी फजिती नको.

माझा जीव मात्र दुसरीकडंच अडकला होता. चैत्रात माझ्या वडिलांना, आबांना, भुकूमच्या डोंगरावर तो दिसला होता. “धुळाबाला कुत्रं दिसलं आसंल,” म्हणत गाव हसलं. तेव्हापासून आबा पारावर बसायचे बंद झाले. या प्राध्यापकांनी तरी त्यांचं खरं मानावं, एवढंच मला हवं होतं. सरांच्या हातापाया पडून मी आबांसाठी पंधरा मिनिटं मिळवली.

प्राध्यापक आले त्या सकाळी धुकं कॉलेजच्या सभागृहाच्या खिडकीला टेकलं होतं. आबा फेटा बांधून खुर्चीच्या टोकाशी बसले. ते बोलायचे, मी इंग्रजी करायची, रासा तिच्या भाषेत सांगायची. आबांचा डोंगर इतका लांब जाऊन येत होता की मला गुंगी आल्यासारखं झालं.

“त्यो वढ्याकडनं आला. थांबला. माज्याकडं बगितलं.”

रासा अडली. “तो म्हणजे कोण? यादीत नाही.”

रासाला पाठवलेली यादी मी काढली, आबांचे शब्द आणि पुढं त्यांचं इंग्रजी. माग, बीळ, विष्ठा, पिल्लं, एक्केचाळीस शब्द होते. लांडगा नव्हता. आमच्याकडं मेंढरांदेखत त्याचं नाव घेत नाहीत, घेतलं की येतो म्हणतात. मी जन्मात तो शब्द घरात उच्चारला नव्हता, यादी करतानाही सुचला नाही. सरांनी कपाळाला हात लावला. मागं कुणीतरी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी रासाला होतं ते सांगून टाकलं.

प्राध्यापक आबांकडं वळले. हळू आवाजात बोलले. रासा म्हणाली, “त्यांची आजी मेंढ्या राखायची. ती त्याला नुसतं ‘करडा’ म्हणायची. ते म्हणतात, कुत्रं पाहून फसलेला माणूस लांडग्याचं नाव घेऊन मोकळा होतो. यांनी खरंच पाहिलाय.”

त्यांनी वही उघडली. जागा, महिना, वेळ, सगळं विचारून लिहून घेतलं. मी आबांना सांगितलं, तसे त्यांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले.

“माजं नाव घातलं का त्येंनी?”

“व्हय आबा. घातलं.”

मला इतका आनंद झाला की रडूच आलं.

परतताना मी विचारलं, “आबा, मेंढरं इकून सात वर्सं झाली. आता नाव घ्याया काय हरकत हाय?”

“मेंढरं न्हाईत. पर त्यो हाय न्हवं.”

भुकूमच्या फाट्यावर ते रस्त्याच्या मधोमध गेले आणि काठी आडवी धरून उभे राहिले. गाड्या थांबल्या, हॉर्न वाजू लागले. पूर्वी आमची पावणेदोनशे मेंढरं रस्ता पार व्हायला लागायचा तेवढा वेळ आबा तिथं थांबले. मी त्यांना घाई केली नाही.