पिराजी कोण?

तालमीत मारुतीच्या उजव्या हाताला कोनाडा होता आणि कोनाड्यात पिराचा चांदीचा पंजा. तो तिथं कुणाच्या पणज्यानं बसवला हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, कारण कुणी कधी विचारलंच नव्हतं. जोर मारून उठलेला पोरगा आधी मारुतीपुढं वाके, मग पंजापुढं, आणि मग दूध प्यायला कट्ट्यावर जाई. मोहरमात पंजा बाहेर निघे तो पाटला-जाधवांच्याच खांद्यावरून. बाहेरगावच्या पाहुण्यांना याचं नवल वाटे, गल्लीला कधी वाटलं नाही. आता वाटायला लागलं होतं. डोळे तेच होते; कसं बघायचं ते मात्र कुणीतरी मोबाइलवर धाडून दिलं होतं.

दर गुरुवारी कोनाडा पुसून ऊद घालायचं काम चिमणाबाईचं. तिचा नवरा आकाराम होता तोवर पंजा त्याच्या खांद्यावर असायचा. तो गेला तरी ऊद चुकला नाही. तिची पहिली दोन पोरं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या खेपेला तिनं या पंजापुढं पदर पसरला. एवढं एक जगव, तुझं नाव ठेवीन, बारा वर्षं तुझा फकीर करीन. पोर जगलं. नाव ठेवलं पिराजी. दर मोहरमात त्याच्या गळ्यात रंगीत दोरा पडे, खांद्याला झोळी येई आणि पहिली भीक शेजारच्या शहाजानभाभीच्या दारात मिळे. भाभी मुद्दाम मलिदा करून वाट बघत बसायची.

शाळेत घालताना नाव लागलं विजयसिंह. पिराजी घरापुरता उरला. मिसरूड फुटल्यावर पोरानं त्याला घरातूनही हाकललं. "आये, त्या नावानं हाक मारू नगंस," म्हणाला. तिनं ऐकलं. पण विजयसिंह हे नाव तिच्या जिभेवर काही चढलं नाही. तेव्हापासून ती त्याला नुसतं 'आरं' म्हणायची. पोर जगलंय ना, मग नाव कुठलं का असेना, असा तिचा रोकडा हिशोब. पिराजी हे नाव ठाऊक असलेली जुनी माणसं गल्लीत आता दोन-चारच उरली होती.

तो विजयसिंह आता तालीम मंडळाचा अध्यक्ष होता, आणि वॉर्डातून उभं राहायचं त्याच्या डोक्यात होतं. गुरुवारी जेवताना ताटाकडं बघतच तो म्हणाला, "उद्या सांजंला पंजा काढायचा हाय. पोरांनी ठरवलंय."

चिमणाबाईची भाकरी तव्यावर तशीच राहिली.

"कोण काढणार?"

"अध्यक्ष मीच हाय की."

"आरं, दुसऱ्या कुणाला तरी सांग. गल्लीत काय माणसं मेल्यात? तू हात लावू नगंस. त्यानंच दिलायस तू मला."

"हळू बोल!" त्यानं खिडकीकडं बघितलं. "पलीकडच्या पेठेतली पोरं काय म्हणाल्यात ठावं हाय? तुमचा अध्यक्ष नेमका कुणाचा, ते बघा म्हणं आधी. कुणीतरी बोललंय. मी न्हाय काढला तर मी संपलो, आये."

तिला तेव्हा कळलं की पोरगा रागावलेला नाही, भ्यालेला आहे. रागावलेल्या माणसाला समजावता येतं. भ्यालेल्याला काय सांगणार? भाकरी करपल्याचा वास घरभर झाला तरी दोघंही हलले नाहीत.

पंजाचं काय व्हायचं ते होवो, इतकी तिची तयारी होती. देवाला हलवणारी माणसं तिनं आयुष्यात काही कमी बघितली नव्हती. पण ज्याच्या पदरात घातलेलं पोर, त्याच पोराच्या हातानं तो कोनाड्यातून उपटायचा? उतराई जाऊ दे, हा तर उलटा वार. दोन पोरं तिनं मातीत दिली होती. तिसऱ्यावर काय येईल, या विचारानंच तिच्या तोंडचं पाणी पळालं.

सकाळी ती बाळासो वस्तादांकडं गेली. म्हाताऱ्यानं एके काळी नुसत्या खाकरण्यानं तालीम गप्प केली होती. आता तो दारात खुर्ची टाकून उन्हात बसला होता.

"वस्ताद, तुमी सांगा की पोरास्नी."

"माझं कोण ऐकतंय, वैनी? हार घालाय तेवढं बोलावत्यात मला. इचारायला न्हाय." आणि तिच्याकडं न बघता, "पोराचं नाव मी अजून कुणाला सांगितल्यालं न्हाय. तेवढं धरून चला."

ती माघारी फिरली ती एक विचार घेऊनच. कोनाड्यात पंजा नसलाच, तर पोरगा काढणार काय?

दुपारी तालमीत चिटपाखरू नव्हतं. चिमणाबाईनं पंजा उचलला, कपाळाला लावला आणि पदराखाली घेऊन थेट भाभीचं दार गाठलं. भाभीच्या पोराचं खाली कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. शुक्रवार म्हणून शटर ओढलेलं. भाभी एकटीच होती. पदराखाली काय आहे ते बघितलं आणि तिनं आधी दाराला कडी घातली.

"चिमणाक्का, ह्यो हितं?"

"चार दिस ठेव. मग मी बघतो कुठं द्यायचा त्यो."

"अक्का, तुज्या पोराला मी मलिदा भरवलाय. तुला न्हाय म्हणताना माजी जीब झडंल. पर ह्यो तुमच्यात असला तर देव हाय. माज्या घरात घावला तर चोरी हाय." भाभीनं हात जोडले. "माजा पोरगा ह्याच गल्लीत पोट भरतोय. जा गं बाई, कुणी बघायच्या आत जा."

चिमणाबाईला तिचा राग आला नाही. रागवायला तरी तोंड कुठं होतं? आता नदीच. मोहरमाच्या दहाव्या दिवशी पंजे पंचगंगेत बुडवून थंड करतात, तिथंच घाटावर पाण्यात सोडायचा आणि पुढचं पुढं. पण सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. जिन्याच्या खालच्या पायरीवर ती जी बसली ती बसलीच. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि उठायला जमेपर्यंत गल्लीत गलका सुरू झाला होता.

पोरं वेळेआधीच जमली होती. ढोल आले होते, मोठा भगवा आला होता, मोबाइलवर चित्रण चालू झालं होतं. आणि कोनाडा मोकळा. गंमत बघा, जी वस्तू फेकायची होती ती चोरीला गेली म्हणून माणसं खवळली. काढण्याचा मान हुकला होता ना!

"ह्यांनीच पळवला!" यशराज नावाचा एक पोरगा ओरडला. मंडळातला सगळ्यात मोठा आवाज त्याचा. "दुकान बघा, सांजंला बी बंद! काढा बाहीर!"

पहिला दगड कुकरच्या पाटीवर बसला. वर खिडकीची काच गेली आणि भाभी किंचाळली. पायरीवरच्या चिमणाबाईच्या काळजाचं पाणी झालं. हे तिच्यामुळं होत होतं. पोराला वाचवायला निघाली आणि भाभीच्या दारात आग घेऊन आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कठड्याला धरून ती उठली आणि गर्दीच्या पुढ्यात आली. काय बोलावं ते सुचेना. सुचला तो जन्मभराचा एकच उपाय. तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला.

"पाया पडतो रं तुमच्या. त्या घराला हात लावू नगासा."

पसरलेल्या पदरात पंजा होता. ढोल थांबला.

"मी घेतलाय त्यो. भाभी न्हाय म्हणाली, दारातनं परत धाडली मला. तिचा काय दोष न्हाय."

"पर तुमी कशाला घेतलासा, आज्जी?" यशराज गोंधळून म्हणाला.

"माज्या पिराजीच्या हातनं निघू न्हाय म्हणून."

शब्द निसटला आणि तिला कळलं. पण तोंडातून गेलेला शब्द आणि पाण्यात पडलेली सुई, दोन्ही सारखीच. गर्दीत कुजबुज झाली. मागं उभे असलेले बाळासो वस्ताद खाली मातीकडं बघू लागले.

"पिराजी कोण?" यशराजनं विचारलं.

विजयसिंह पुढं आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज सभेतला होता.

"आमचा थोरला. पाळण्यातच गेला त्यो. तवापासनं आईच्या डोक्यात हेच हाय. दर गुरवारी ऊद घालत्या त्याच्यासाठनं."

गर्दी एकदम हळवी झाली. कुणीतरी च्-च् केलं. यशराजनं आवाज खाली आणला. "व्हय काय, आज्जी?"

त्याच्या मागच्या पोराच्या मुठीत अजून दगड होता. वर फुटलेल्या काचेआड भाभी उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. मलिद्याचा पहिला घास तिनंच तर भरवला होता. आणि समोर चिमणाबाईचं जगलेलं पोर, बेचाळीस वर्षांचं, धडधाकट, डोळ्यांनी तिच्यापुढं पदर पसरून उभं. एवढं एक जगव, म्हणत होतं.

चिमणाबाईनं खिडकीकडं बघितलं, मग पोराकडं. एका शब्दानं खरं सांगता आलं असतं, आणि त्या एका शब्दानं पोरं पुन्हा खवळली असती, भाभीचं घर गेलं असतं, पोरगाही गेला असता.

"व्हय," ती म्हणाली. "गेला त्यो."

मुठीतला दगड गटारीत पडला. कुणीतरी पाण्याचा तांब्या आणला, कुणीतरी आज्जीला खुर्ची द्या म्हणालं. विजयसिंहानं वाकून तिच्या पदरातला पंजा दोन्ही हातांनी उचलला. हेच होऊ नये म्हणून ती दिवसभर जीव टाकत फिरली होती. तिनं त्याचा हात धरला नाही.

"जपून धर, इजयसिंह," ती म्हणाली.