रिकाम्या खोलीतला तास

मित्रांनो, मी एक जुनं, भिंतीवरचं घड्याळ आहे. माझा गुण मलाच सांगावा लागतो, कारण कौतुक करताना या घरात सगळ्यांच्या जिभा जड होतात. माझी चाकं पितळेची. कारागिराने कानाशी धरून ऐकलं, मगच खोक्यात घातलं. पुढे या घराच्या शाळा, नोकऱ्या, पाहुणे, सगळं माझ्या तोंडाकडे बघून चाललं.

मग आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं. जन्मभर बस चालवलेला माणूस माझ्यासमोर खाटेला खिळला. सून बाहेरच्या खोलीत शिवणयंत्रावर.

"अगं, सकाळपासून इकडे कुणी फिरकलं नाही!"

"बाबा, आत्ता तर चहाचा कप नेला! काहीतरीच काय बोलता?"

खोटं दोघंही बोलत नव्हते. माणसाच्या मेंदूत माझ्यासारखी चाकं नसतात. लक्ष कुठे गुंतलं, काय काय घडलं, त्यावर तो वेळेचा अंदाज बांधतो. हात कामात असले की तास पळतो. भिंतीकडे बघत पडलं की तोच तास गोगलगाय होतो. आणि मागे वळून पाहावं, तर त्या रिकाम्या महिन्यांतलं चिमूटभरही आठवत नाही.

पण सांगायचं कुणाला! मुलगा म्हणाला, "बाबांना भ्रम होतोय. वृद्धांच्या संस्थेत ठेवावं लागेल. सारखे घड्याळाकडे बघतात, म्हणून होतं हे." आणि माझा सेल काढला. चोर सोडून संन्याशाला फाशी! टिकटिकीची सोबत होती, तीही गेली. खोलीत आम्ही दोघं मुके.

एके दुपारी सुनेच्या बोटात सुई घुसली. पट्टी बांधून ती आजोबांच्या खोलीत पंख्याखाली आडवी झाली. थोड्याच वेळात म्हणते, "बाबा, संध्याकाळ झाली की काय?"

"मला तर भ्रम होतो, बाई. तुला काय झालं?"

ती हसली. मग तिने खिडकीतल्या उन्हाकडे बघितलं. ते अजून भर दुपारचंच होतं.

बोट बरं होताच तिने यंत्र आत ओढून आणलं. ती शिवते, आजोबा पडल्या पडल्या बटणं लावतात आणि ओरडतात, "वळण आलं, सावकाश!" मुलाने संस्थेचं पुन्हा काढलं, तर सून म्हणाली, "मग बटणं कोण लावणार? तुम्ही?"

सेल मात्र कुणी घातला नाही. माझी गरजच उरली नाही. बरं झालं म्हणावं, पण जीव दुखतो.

मित्रांनो, घरात कुणी एकटं पडून असेल, तर आपलं काम उचलून त्याच्या खोलीत न्या. आणि तिथे भिंतीवर माझ्यासारखं कुणी असेल, तर निदान धूळ तरी पुसा. बंद पडल्यावरही वाट बघता येते.