अनोळखी स्टाइल

टाइपकाकूंनी आयुष्यभर दुसऱ्यांची नाटकं टाइप केली. या खेपेला मात्र नाटक त्यांचं स्वतःचं होतं. ते ऐकून रंगमंच द्यायचा की नाही, हे नाट्यगृहाची समिती ठरवणार होती. दिग्दर्शक काकूंचा धाकटा दीर. तो सकाळपासून नवा शर्ट घालून तयार होता.

काकूंची टाइप करायची तऱ्हा सगळ्या नाटकमंडळाच्या अंगवळणी पडलेली होती. संवादापुढे पात्राचं नाव त्या कधी लिहीतच नसत. कॉम्प्युटरवर त्यांनी प्रत्येक पात्राची वेगळी स्टाइल, म्हणजे अक्षरांची ठेवण, घडवली होती. बापाचे संवाद टपोऱ्या अक्षरांत, कारण बापाचं काम करणारा किराणावाला चष्मा लावायला लाजायचा. लेकीचे निळ्या अक्षरांत. जावयाचे उजवीकडे सरकवलेले. "जरा अंतर ठेवूनच असू दे त्याला," असं काकू म्हणत. आणि जे बोलायचं नाही, नुसतं करायचं, ते बारीक आणि तिरपं. त्या स्टाइलचं नाव 'तोंड बंद'.

नाट्यगृहाच्या कारकुनाने फाइल तिथल्या कॉम्प्युटरच्या पद्धतीत बदलून प्रती छापून ठेवल्या होत्या. समितीचे तिघं समोर बसले. किराणावाल्याने घसा खाकरून सुरुवात केली, "बाबा, मला या घरात राहायचं नाही!"

लेक करणारी नर्स त्याच्याकडे बघतच राहिली. "अहो, ते माझं आहे."

"मग म्हण की तू!"

गडबडून तिने खालची ओळ म्हटली, "खुर्चीत बसतो, पाणी पितो, ठसका लागतो."

समितीच्या अध्यक्षीणबाईंनी भुवया उंचावल्या. "हे प्रायोगिक आहे का?"

"थोडंफार," दीर छाती काढून म्हणाला.

काकूंनी पुढे होऊन प्रत उचलली. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एकाच आकाराची काळी अक्षरं. कोण बोलतंय याचा पत्ताच नाही.

"बाई, चहा होईपर्यंत थांबाल ना?"

"चहा अजून सांगितलाच नाही आम्ही."

"मग सांगा ना," असं म्हणत काकू ऑफिसकडे सुटल्यासुद्धा.

कारकून भला माणूस होता. "मी काही केलं नाही हो. कॉम्प्युटरनं विचारलं, अनोळखी स्टाइल सापडल्या, काढून टाकू का? मी म्हटलं, टाक. अनोळखी माणसं कशाला घरात ठेवायची?"

"अरे बाबा, ती माझी माणसं होती!"

मूळ फाइल ईमेलमध्ये होतीच. काकूंनी ती पुन्हा बदलायला घ्यायला लावली. तोच प्रश्न आला. कारकुनाचं बोट सवयीनं 'हो'कडे निघालं, ते काकूंनी वरच्यावर धरलं. 'नाही' म्हटल्यावर एक यादी उघडली. त्यात काकूंच्या सगळ्या स्टाइल एकाखाली एक उभ्या होत्या.

"हे समोर 'तशीच आणा' असं काय लिहिलंय?"

"ते मी कधी दाबून बघितलं नाही."

"आज बघा."

बाप आला, लेक आली, जावई आला. 'तोंड बंद'पाशी कारकून थबकला. "हे मला उद्देशून आहे का?"

"नाही हो, दाबा!"

पडद्यावर नाटक जसंच्या तसं उभं राहिलं. काकूंनी सुस्कारा सोडला आणि छापलेलं पहिलं पान हातात घेतलं. यंत्रात शाई फक्त काळी. लेकीचा निळा रंग पार गेलेला. पण स्टाइल शाबूत होती ना! काकूंनी 'लेक' उघडली, तिला अधोरेखित केलं, आणि एका झटक्यात सगळ्या पानांवरच्या लेकीखाली रेघ आली. कारकून आ वासून बघत राहिला.

"रेघ दिसली की तू बोल," परत येऊन नव्या प्रती वाटताना काकूंनी नर्सला बजावलं.

या वेळी वाचन घसरलं नाही. बापलेकीचं भांडण पेटलं, जावई मध्ये पडून दोघांकडून बोलणी खाऊन गेला. जिथं गप्प राहायचं तिथं सगळे गप्प राहिले. अध्यक्षीणबाईंचा चहा कपातच निवला.

"घेतो आम्ही नाटक," त्या म्हणाल्या. "पण तारीख आठवड्याच्या मधली मिळेल, भर दुपारची."

दिराचं तोंड वाकडं झालं. काकू म्हणाल्या, "चालेल. घरातली सगळी मंडळी कामावर गेली की आमच्या नाटक बघणाऱ्या बायका मोकळ्याच असतात."

"वहिनी, दिग्दर्शक मी आहे. तारखेचं मला विचारायचं."

"विचारते की. घ्यायची ना, भाऊजी?"

"घ्या," दीर म्हणाला, आणि नव्या शर्टाच्या बाहीने त्याने हळूच डोळे पुसले.