बिनसावलीची दुपार

प्रश्न विचारून पंढरीकाकांनी टाळ उचलले आणि ठोके मोजायला सुरुवात केली. दहाव्या ठोक्यापर्यंत उत्तर आलं नाही तर प्रश्न बुडाला, हा त्यांचा नऊ वर्षांचा नियम. बोईसरला मिथुनच्या हॉटेलातल्या परमिट रूममध्ये दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सामान्यज्ञानाची ही स्पर्धा व्हायची. एक वाजेपर्यंत तिथे गिऱ्हाईक नसे. मिथुन खोली फुकट द्यायचा आणि नंतरच्या जेवणांवर भागवायचा. गळ्यात तुळशीची माळ घातलेला निवृत्त माणूस बाटल्यांच्या फळीखाली उभा राहून प्रश्न विचारतो, याचं आता कुणाला हसूही येत नसे.

शेवटचा प्रश्न होता आणि दोन संघ बरोबरीत होते. खिडकीपाशी काकांचा मुलगा मनीष आणि त्याचे कारखान्यातले दोघे सोबती. दाराशी दीपिका, सफाळ्याच्या आतल्या पाड्यावरची, औषधांच्या प्रयोगशाळेत कामाला. तिचा संघ म्हणजे ती एकटीच. गेल्या दोन्ही महिन्यांत ती शेवटच्या प्रश्नालाच हरली होती. आज तिची आई ठमी मांडीवर पिशवी धरून नुसती बघायला आली होती.

"आपल्या बोईसरला भर दुपारी सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते, तो दिवस कोणता?"

सहाव्या ठोक्याला मनीषचा हात वर गेला.

"एकवीस जून. सगळ्यांत मोठा दिवस."

काकांच्या हातातल्या कार्डावर तेच लिहिलेलं होतं. पण दोन्ही संघांचं ऐकल्याशिवाय कार्ड वाचायचं नाही, हाही नियमच. त्यांनी दाराकडे पाहिलं. ठमी लेकीच्या कानात काही सांगत होती.

"ए, बाहेरून मदत चालली आहे!" खिडकीपासून आवाज आला.

"आई माझ्या संघात आहे," दीपिका म्हणाली. "नाव लिहून घ्या, काका. ठमी."

काकांनी लिहून घेतलं. "बरं. उत्तर?"

"एक नाही, दोन दिवस आहेत. एक मेमध्ये, एक जुलैत. आणि मेमधला..." तिने आईकडे पाहिलं.

"आजच हाय," ठमी म्हणाली.

खोलीत हशा पिकला. मनीष मात्र समजुतीने म्हणाला, "अहो मावशी, जूनमध्ये सूर्य सगळ्यांत वर असतो."

"वर नाय रे, पुढं असतो. डोक्यावरनं पार गुजरातच्या अंगाला जातो, मग परत फिरतो. जाताना एकदा डोक्यावर, येताना एकदा. येताना आमी रोपणीत, आभाळ भरलेलं. कोन बघतंय?"

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?" काकांनी विचारलं.

"बापानं. घराचा मधला खांब तो याच दिवसात तपासायचा. सावली राहिली तर खांब वाकडा."

काका कार्डाकडे बघत राहिले. नऊ वर्षांत त्यांनी एकही उत्तर मागे घेतलं नव्हतं. 'पंढरीकाका म्हणाले म्हणजे झालं,' असं लोक म्हणत, आणि माळकरी असूनही त्या बोलण्याची त्यांना गोडी लागली होती.

"किती वाजता जाते सावली?"

ठमीने बाहेरचं ऊन पाहिलं. "भात शिजायच्या आत."

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. काकांनी टाळ टेबलावर ठेवले.

"चला बाहेर."

"बाबा, या उन्हात? कार्डावर आहे ना उत्तर?"

काका दाराशी पोचलेसुद्धा होते.

मिथुनने पाटीसाठी अंगणात लोखंडी खांब रोवला होता, ओळंबा लावून, अगदी सरळ. सगळे त्याच्याभोवती जमले. खांबाच्या बुडाशी वीतभर सावली होती, समुद्राच्या बाजूला.

"आहे की सावली!" कुणीतरी म्हणालं.

ठमी पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली.

वीतभराची चार बोटं झाली. चाराची दोन. जेवणाची ऑर्डर विसरून पोरं-बाप्ये खाली वाकले. नखाएवढी उरली. मग तीही खांबाने आत ओढून घेतली. जमिनीतून नुसता खांब वर आला होता, आणि त्याचं असं कुठे काहीच पडलं नव्हतं. ओट्यावर धुऊन ठेवलेल्या पेल्यांच्या पार तळाशी ऊन पोचलं होतं.

कुणी फोन काढला नाही. मनीषने चप्पल काढून बाजूला सरकवली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

देवाच्या नजरेखाली नीट उभं राहिलं की माणसाची सावली पडत नाही, असं बुवा कीर्तनात सांगत. काकांनी कितीदा त्यावर मान डोलावली होती. दृष्टांत म्हणून. त्यांनी आता आपल्या पायांकडे पाहिलं. सावली गोळा होऊन अंगाखाली आली होती. तिच्यापुढे मात्र एक काळा चौकोन होता, कडा तासून काढल्यासारखा. उन्हासाठी कपाळावर धरलेल्या कार्डाचा.

त्यांनी हात खाली घेतला.

मनीष आत जाऊन जिंकणाऱ्या संघाचं शिल्ड घेऊन आला आणि त्याने ते ठमीच्या पिशवीवर ठेवलं. तिने ते लेकीकडे सरकवलं. काकांनी कार्ड उलटं करून कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"ठमीबाई, जुलैतला दिवस कधीचा?"

"रोपणी सरता सरता. पन ढग असतील, काका. दिसायचं नाय काय."

"नसू दे दिसत," काका म्हणाले. "येऊन उभा राहीन."

खांबाच्या दुसऱ्या बाजूला, डोंगराकडे, केसाएवढी सावली फुटत होती.