कापड चोख, पन्हा कमी

मी हर्षदाचा फोन बोलतोय. आवाज बारीक वाटला तर कान जरा जवळ आणा. अंगानेच मी लहान आहे.

सुरतेला परतताना हर्षदाच्या मनात एक चित्र होतं. गोडादऱ्यातल्या घरी पोचायचं, मला खिशातून काढून तळहातावर ठेवायचं, आणि सगळ्यांनी थक्क होऊन म्हणायचं, "इतकासा, आणि सगळं करतो?" मग ती सांगणार होती की माणसाला गरजेपेक्षा मोठं काही लागतच नाही, घर, गाडी, फोन, सगळं हाताला पेलेल एवढंच असावं. लांब इंग्लंडात, लीड्सला, कापडाचं शिक्षण घेताना हे भाषण तिने इतकं घोटलं होतं की ते मलाही पाठ झालं. तीच तळमळ माझ्याही बोलण्यात उतरली आहे, तेवढं सांभाळून घ्या.

प्रत्यक्षात झालं असं. तिने मला काढलं, तळहातावर ठेवलं. तिच्या आईने, म्हणजे शोभाबाईंनी, मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "हाई काय? टीव्हीना रिमोट शे का?"

या घरात अहिराणी चालते. माझ्या पोटात शंभरावर भाषा आहेत, त्यांत ही नव्हती. कानानेच शिकलो. पहिलं वाक्य हे असं शिकलो.

माझा जन्म एका चकचकीत कारखान्यात झाला. माझ्याच वेळी माझा थोरला भाऊ जन्मला. मेंदू आम्हा दोघांचा एकच, पण त्याला अंग पाटासारखं रुंद आणि पोट मोठं मिळालं. पोट म्हणजे बॅटरी. शिवाय लांबचं बघायला त्याला एक जादा डोळा दिला. मला म्हणाले, तुझ्यात जागा नाही. मोठ्या कुटुंबात धाकट्याला असंच सांगतात.

लीड्सच्या दुकानात विक्रेत्या बाईने हर्षदाला थोरला दाखवला. हर्षदाने तो हातात घेतला. तिचा अंगठा पडद्याच्या निम्म्यावर पोचला आणि तिथेच थकला. मग तिने मला घेतलं. अंगठा कोपऱ्याकोपऱ्यात फिरून आला. "बास," ती म्हणाली, "फोनसाठी मी हात वाढवून घेणार नाही." त्या वाक्यावर मी तिचा झालो.

पण गोडादऱ्यात निकाल लावणारे वेगळे. हर्षदाचे वडील निंबा, घरात आबा, एकतीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, आहेत. ते चेकर. लूमवरून उतरलेला कापडाचा लांबलचक ताका त्यांच्या टेबलावर येतो, टेबलाच्या काचेखाली दिवा असतो, आणि आबा त्यातले दोष शोधतात. अशा माणसाच्या हातात कुठलीही वस्तू द्या, तो तिच्याकडे कापड म्हणूनच बघणार. आबांनी माझ्या पाठीवर बोट फिरवलं, "पोत चांगला शे," म्हणाले, आणि चार बोटं आडवी ठेवून माझी रुंदी मोजली. मग चेहरा पडला. त्यांनी मला शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या रामदासकडे दिलं. रामदासने मला उजेडात आडवा धरला, जणू आरपार दिसणार होतं.

"कापड चोख," रामदास म्हणाला, "पण पन्हा कमी, भाऊ. साडी नाही व्हायची. ब्लाउजपीस काढा."

तेव्हापासून गल्लीत मला ब्लाउजपीस म्हणतात.

आता हर्षदा परत आली होती ती कशासाठी, ते सांगतो. तिला आबांचं ज्ञान पुस्तकात आणायचं होतं. कापडात काय काय बिघडतं, तार कशी तुटते, जाळी कशी पडते, तेलाचा डाग यंत्राच्या कुठल्या पुर्ज्याचा, हे सगळं आबांना ठाऊक, पण कुठेच लिहिलेलं नाही. प्रत्येक दोषाचा मी फोटो काढायचा, आबांनी नाव आणि कारण सांगायचं, हर्षदाने लिहायचं. लूमवर नवा आलेला माणूस पुस्तक उघडेल आणि शिकेल. आबा दोन वर्षांत निवृत्त होणार होते. त्याआधी हे व्हायलाच हवं, असं तिने मनात धरलं होतं. लीड्समध्ये चांगली नोकरी मिळत होती, ती सोडून ती आली होती. आबांनी या पुस्तकाचं नाव 'पोथी' ठेवलं.

फोटोंच्या बाबतीत मी कसर ठेवली नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतो. हात नाही आणि छाती काचेची आहे, तरी सांगतो. दोन लूमच्या मधल्या बोळात, जिथे थोरला भाऊ आडवाच अडकला असता, तिथे मी सुरळीत शिरलो. एकेक धागा दोरखंडासारखा टिपला. हर्षदाच्या कुर्त्याला शिंप्याने खिसा शिवला तो इवलासा. त्यात मावणारा महाग फोन एकटा मीच. बायकांच्या खिशांचा विचार करून कुणीतरी काहीतरी बनवलं, याचा हर्षदाला फार अभिमान होता. शेजारच्या उषाबाईंना तिने हे पटवून दिलं. उषाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या ब्लाउजात बटवा आहे. त्यात माझा मोठा फोन, किल्ल्या, सुपारी, सगळं बसतं."

उणिवाही लपवत नाही. दुपारी चारच्या सुमारास माझं पोट रिकामं होतं. हर्षदा मग खात्यात वायर घेऊन भिंतीभिंतीने फिरते. जोराचं काम केलं की मी तापतो, आणि सुरतेच्या उन्हात तर असा की एकदा शोभाबाईंनी दुखऱ्या गुडघ्यावर मला शेकायला घेतलं. आराम पडला म्हणाल्या. माझं एवढं कौतुक त्या घरात त्याआधी झालं नव्हतं. लांबचा फोटो मला जमत नाही. आणि आबांचा अंगठा एकदम चार अक्षरं दाबतो. त्यांनी रामदासला 'जेवलास का' लिहायला घेतलं आणि जे गेलं ते वाचून रामदास पळतच घरी आला.

तरी खरी अडचण पोथीत आली. हर्षदा रोज संध्याकाळी आबांसमोर मला धरायची.

"आबा, हा कुठला दोष?"

आबा मला जवळ घ्यायचे, लांब धरायचे, तिरका करायचे. "पोरी, इतला धाकला कसाले लिधा? माले काहीच दिसस नही."

"मोठं करून दाखवते." ती दोन बोटांनी चित्र ताणायची.

"आता नुसती एक तार दिसते. कापड कुठं गेलं?"

ती उजेड वाढवायची, मी तापायचो. ती अक्षरं मोठी करायची, एका पडद्यावर एकच शब्द मावायचा. महिना गेला. पोथीत पानं झाली तीन, त्यातलं एक मुखपृष्ठ. हर्षदा चिडायची, मग लहान वस्तूंची थोरवी सांगायला लागायची, आणि आबा मान डोलवत डोळे मिटून घ्यायचे.

शेवटी एके दिवशी तिने चेतनला फोन लावला. माझ्यावरूनच लावला, हे विशेष. चेतन म्हणजे तिचा आतेभाऊ, सुरतेतच भेस्तानला मोबाइलच्या दुकानात काम करणारा, बोलता बोलता मध्येच गुजरातीत शिरणारा. त्याच्याजवळ त्याचा स्वतःचा अवाढव्य फोन होता.

"चेतन, अदलाबदल करशील? माझा तू घे, तुझा मला दे."

"शुं वात करे छे, ताई! तुझा तर एकदम टॉपवाला आहे."

"असेल. आबांना दिसत नाही त्यावर. माझ्या तत्त्वापायी पोथी अडून राहिली."

माझ्या पोटात खड्डा पडला. बॅटरी बावीस टक्के होती म्हणूनही असेल, पण दुःखही होतं. संध्याकाळी फोन बघायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बदल करायचा, असं ठरलं.

सात वाजता चेतन आला. त्याने खिशातून फोन काढला, म्हणजे खिसाच जवळजवळ बाहेर आला. शोभाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, "पोळपाट आणलं का रे, बाबा?"

"फोन आहे, मामी!"

हर्षदाने माझ्यातले सगळे फोटो त्याच्यात पाठवले. मी स्वतःच्या हाताने माझी इस्टेट सवतीला दिली. चेतन आबांच्या शेजारी बसला आणि फोन त्यांच्यासमोर धरला.

"बोला मामा. आता तर दिसतं ना?"

आबांनी पडदा निरखला. चेहरा उजळला. "हां! आते कसं चोख दिसस! याले म्हणतस फोन!"

हर्षदाने वही उघडली. "सांगा आबा, काय दोष आहे?"

"हे बघ," आबा ठसक्यात म्हणाले, "जाडं सूत. मधोमध तेलाचा डाग पडला आहे, काळा. आणि कडेला किनार फाटली आहे. कारागीर झोपला होता. असा माल मी पास करणार नाही. ज्याने विणलं त्याला माझ्यासमोर उभा करा."

हर्षदा लिहायला लागली आणि थांबली. तिने पडद्यावर डोकावून पाहिलं. चेतनचा अंगठा एक फोटो पुढे सरकला होता. समोर होती शोभाबाईंनी दुपारी केलेली कळण्याची भाकरी. हर्षदाने ती जेवायच्या आधी टिपली होती.

चेतन इतका हसला की तो पोळपाटाएवढा फोन त्याच्या हातून आबांच्या मांडीवर निसटला. "मामी, तुम्हाला बोलावतात! किनार फाटली म्हणतात!"

"मी झोपले होते काय?" शोभाबाई पिठाच्या हातांनी उठल्या. "तीस वर्षं पास केलात तो माल!"

मीसुद्धा हसलो असतो, पण मला हर्षदाचा चेहरा दिसत होता. ती हसत नव्हती.

"आबा, केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

"दिसत नाही ते."

आबांनी चेतनचा फोन उपडा ठेवला. "दिवाळीपासून." मग त्यावर तळहात ठेवून, "मागच्या नाही. त्याच्या आधीच्या."

शोभाबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. "मग माझं नवं लुगडं छान दिसतं म्हणालात, ते?"

"ते मी न बघता म्हणतो. पहिल्यापासून."

"आणि खात्यात, आबा? ताके कसे बघता?"

"बोटांनी. गाठ बोटाला लागते, जाळी बोटाला लागते. डाग लागत नाही. मग मी रामदासला हाक मारतो. रामदास, ये इकडे, या ताक्यात काय चुकलं सांग बरं, बघू शिकलास का? तो डाग दाखवतो. मी म्हणतो, शाब्बास."

"रामदासकाका तुमच्याहून वर्षाने मोठे आहेत!"

"शिकायला वय नसतं," आबा म्हणाले. मग आवाज उतरला. "चेकरला दिसत नाही म्हटल्यावर टेबलावर कोण ठेवील? आणि तू एवढी लांबून पोथी करायला आली. तुला काय सांगू, की मला पानं दिसत नाहीत? फोन धाकला होता, ते बरंच होतं. सगळं त्याच्यावर लोटता आलं."

म्हणजे बघा. महिनाभर ज्या गुन्ह्याबद्दल मी शिव्या खाल्ल्या, तो मी केलाच नव्हता. मला जोरात कंप सुटावा असं वाटलं. पण आबांचा चेहरा पाहिला आणि कंप आवरला. कुणाच्या तरी लाजेवर पांघरूण म्हणून उपयोगी पडलो होतो. पन्हा कमी, तरी पांघरूण पुरलं.

"डोळ्यांत दूध उतरल्यागत होतं का?" शोभाबाईंनी विचारलं. "माझ्या बापाला तसंच होतं. मोतीबिंदू निघाला."

आबांनी होकाराची मान हलवली. महिनाभर हर्षदा मला आबांसमोर धरत होती, आणि नजर माझ्यावरच ठेवत होती. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिने मला बाजूला ठेवून आबांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. जेवताना लहान वस्तूंचं भाषण झालं नाही. मला चुकल्यासारखं वाटलं.

आता माझी आजची स्थिती. वय सव्वा वर्ष. एका कोपऱ्याला टवका, पाठीवर पिठाचा हात. चारला अजूनही दम तोडतो, उन्हात अजूनही शेकोटी होतो. वाचकहो, लहान घ्या की मोठा घ्या, तुमच्या हाताला विचारा. त्यात माझं काही म्हणणं नाही. फक्त घरातलं माणूस 'या फोनवर दिसत नाही' म्हणालं, तर दुकानात धावण्याआधी त्याच्यासमोर एकदा भाकरी धरून पाहा. आमच्या जातीवर आधीच पुष्कळ आळ आहेत.

तर त्या भाकरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चेतनचा फोन आला. "ताई, येऊ का? चार्जरसाथे आणतो."

"नको रे," हर्षदा म्हणाली. "हाच राहू दे." आणि तिने मला कुर्त्याच्या खिशात घातलं.

आबा डबा घेऊन दारात उभे होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, आधी डोळ्यांच्या दवाखान्यात. मग खात्यावर."

"शेठला काय सांगू?"

"मी सांगते, खरं तेच. डोळे बरे होईपर्यंत तुमच्या टेबलावर मी बसणार. तुम्ही हात फिरवा, डाग मी बघते."

"तू? इतकी शिकलेली?"

"रामदासकाका शिकले, तशी मीही शिकेन."

आबा खिशावरून मला चाचपत म्हणाले, "आणि तुझी पोथी?"

"ती तुम्हाला वाचता येईल तेव्हा."

आबांनी चपला घातल्या. "मंग अक्षर जरा मोठं काढजो," ते म्हणाले.