ठकीचे रक्त साकळले होते

मित्रांनो, बोटभर लांबीची जुनी काचनळी मी. शेणवे गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान दवाखान्यात माझे आयुष्य गेले. माझ्याबरोबर आलेल्या पाच बहिणी धुताना फुटल्या. मी टिकले, पण त्याचा आनंद मला आता वाटत नाही.

साप चावलेल्या माणसाचे रक्त तपासणे हे माझे काम. नर्स सकुबाई थोडे रक्त माझ्यात घालायची आणि वीस मिनिटे मला अजिबात न हलवता उभी ठेवायची. मग कंपाउंडर काळूराम मला तिरपी करायचा. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनलेले. लगेच जीप शहापूरच्या मोठ्या दवाखान्याकडे निघायची. रक्त साकळले, तर माणूस घरी. डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येत, म्हणून हा नियम काळूरामनेच घालून दिला होता. साकळले की नातेवाईक दवाखान्याच्या पायरीवर नारळ फोडत. केवढे कौतुक व्हायचे माझे! मीही शेफारून गेले होते.

अठ्ठ्याण्णव सालची भातकापणी चालू होती. राखणीसाठी माणसे खळ्यावरच झोपत. एका सकाळी जैतूने आपल्या बायकोला, ठकीला, डोलीत घालून आणले. पहाटेपासून तिच्या पोटात दुखत होते.

"काय चावलं का?" काळूरामने विचारले.

"दिसलं तर नाय काय. अंगावर खूणपण नाय," जैतू म्हणाला.

सकुबाई ठकीकडे निरखून बघत होती. "हिच्या पापण्या खाली येतात रे काळूराम."

"झोप नाय झाली गो बाय," ठकी पुटपुटली.

तरी काळूरामने तिचे रक्त माझ्यात तपासायला लावले. वीस मिनिटांनी रक्त घट्ट साकळले होते. पायरीवर नारळ फुटला आणि ठकी घरी गेली. दुपारी तिला पाणी गिळवेना, मग श्वास घेता येईना. दिवस मावळायच्या आत ती गेली. खळ्यावरची तिची गोधडी उचलली, तेव्हा खाली मण्यार सापडली.

मित्रांनो, मण्यारीचे विष रक्ताला हात लावत नाही. ते नसांवर जाते: पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास अडतो. म्हणून मण्यार चावलेल्याचे रक्त आणि काहीच न चावलेल्याचे रक्त माझ्यात सारखेच साकळते. हे मला ठाऊक नव्हते आणि मला कोणी विचारलेही नव्हते.

सकुबाईला चैन पडेना. घरी पाठवलेल्यांचे जुने कागद घेऊन ती पाड्यापाड्यांवर फिरली. रक्त साकळलेली चाळीस माणसे होती, त्यांतली सदतीस ठणठणीत. काळूरामला हायसे वाटले. पण सकुबाईने चारच कागद वेगळे काढले. ही चौघे जमिनीवर झोपलेली, अंगावर खूण नसलेली, पोटदुखीने उठलेली; झोपेत मण्यार चावली की असेच होते. त्या चौघांतली तिघे मेली होती. ठकी त्यांतलीच एक. बाकी दोघांना बाहेरची बाधा झाली असे म्हणून घरच्यांनी पुरले, त्यामुळे दवाखान्याला पत्ताच नव्हता. काळूरामने आपला नियम बदलला. त्या दिवसापासून रक्त काढण्याआधी एक प्रश्न विचारला जाऊ लागला: काल रात्री कुठे झोपला होतात? खाली झोपलेला माणूस पोट धरून आला, तर मी काहीही सांगितले तरी जीप निघायची.

ठकीच्या बाराव्यानंतर जैतू आला.

"तिला परत नेली नसती तर वाचली असती का बाय?"

"खात्रीनं नाय सांगवत. पण शहापूरला नेली असती तर आशा होती."

"मग नळी खोटं बोलली?"

"नाय रे. घोणस, फुरसं हाय का, तेवढंच तिला कळतं. आमी त्यातनं धोका नाय असं काढलं."

जैतूने मला उचलले, उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिले आणि कापसात अलगद परत ठेवले. त्याने मला आपटले असते, तर मला बरे वाटले असते.

मित्रांनो, आता मी कपाटात पडून असते. माझ्यावर विश्वास जरूर ठेवा, पण समोरच्या माणसाला नीट विचारून मगच ठेवा. माझे एकच उत्तर एका घरी सुटका असते आणि दुसऱ्या घरी मरण, आणि ते देताना मला दोन्ही घरे सारखीच दिसतात.